बालाघाटच्या माळावर उंदरांची नोंदवही

शुक्रवार

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याला महामार्ग सोडून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की काळी जमीन मागं पडते. बालाघाटच्या पठारावर माती म्हणजे वीतभर मुरूम, त्याखाली कातळ. पवनचक्क्यांच्या पायथ्याशी वाळलेली कुसळी, पवन्या, तरवडाची झुडपं, मधूनच एखादा हिवर. सातबाऱ्यावर ह्याची नोंद 'पडीक' किंवा 'गायरान'. आम्हाला नेमकं हेच रान हवं होतं. काळ्या शेतातल्या बांधावर कोणते उंदीर राहतात आणि हाकेच्या अंतरावरच्या मुरमाड माळावर कोणते, एवढा साधा प्रश्न घेऊन आम्ही निघालो होतो. मी, ओंकार आणि सुप्रिया हे दोघं संशोधक विद्यार्थी, आणि जीपच्या मागच्या भागात घड्या घालून रचलेले शेर्मन सापळे.

वाळवंटी उंदीर म्हटलं की थरचं वाळवंट डोळ्यांपुढं येतं. तिथला वाळवंटी जर्बिल भरदिवसा बिळाबाहेर बसतो, प्यायला पाणी मिळालं नाही तरी त्याचं भागतं, आणि त्याच्या पायाच्या तळव्यालाही केस असतात. जोधपूरच्या 'काझरी' ह्या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास केला. तो गुजरात-राजस्थानचा, इकडं येत नाही. पण त्याच्या नात्यातला भारतीय जर्बिल, टटेरा इंडिका, इथं आहे. मराठवाडा वाळवंट नव्हे हे खरं, पण पावसाच्या सावलीतला आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. कोरडवाहू जगणं काय असतं हे इथल्या माणसांइतकंच उंदरांनाही ठाऊक असणार.

दिवस मुद्दाम पौष अमावस्येच्या अलीकडचे धरले होते. चांदणं लख्ख असलं की घुबड-कोल्ह्यांच्या भीतीनं उंदीर उघड्यावर कमी फिरतात. थंडी असली तरी अंधारी रात्र बरी.

नायगावच्या मयूर अभयारण्याची हद्द टाळून अलीकडच्या एका वस्तीवर उतरायचं ठरलं होतं. वन विभागाची परवानगी खिशात होती, तरी ग्रामपंचायतीत जाऊन सांगणं भाग होतं. गाव निम्मं रिकामं. दिवाळीनंतर कोयते निघाले ते कारखाने बंद होईस्तोवर येणार नाहीत. दारादारांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. ज्यांच्याकडं उतरलो त्या आबांचा मुलगा-सूनही ऊसतोडीला गेलेले. मागं राहिलेल्या दोन नाती आम्ही येताच सापळ्यांना चिकटल्या.

पारावर चौकशी झालीच. "म्याडम, कामून धरायलात ह्यांला? आमाला तर मारायचं औषध पुरंना." एकजण म्हणाला आणि सगळे हसले. कडेला बसलेले एक आजोबा मात्र हसले नाहीत. "पिसवा असतेत त्यांच्या अंगावर. चौऱ्याण्णव साली मामल्याला काय झालं ते इसरलाव का?"

ते विसरण्यासारखं नव्हतंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ह्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले आणि सप्टेंबरात सुरत हादरली. भूकंपाच्या धास्तीनं लोकांनी सोडलेली घरं, त्यात पडून राहिलेलं धान्य आणि त्यावर माजलेले उंदीर, असा संबंध तेव्हा जाणकारांनी लावला होता. आपल्याकडं रानातला प्लेग जगवून ठेवणारा प्राणी म्हणून ज्याचं नाव घेतात तो हाच टटेरा. स्वतः सहजी मरत नाही, जंतू सांभाळून ठेवतो. त्याच्या पिसवा घरातल्या उंदरांवर गेल्या की धोका माणसापर्यंत येतो. मी आजोबांना हातमोजे, मास्क आणि पिसवा गोळा करायच्या कुप्या काढून दाखवल्या. उंदीर मेला आणि गार पडायला लागला की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात, म्हणून आम्ही जिवंतच पकडतो आणि जिवंतच सोडतो, हेही सांगितलं. आजोबांनी कुपी उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. परवानगीच्या कागदापेक्षा त्या कुपीनं जास्त काम केलं असं मला वाटतं.

उन्हं कलल्यावर माळावर सापळे मांडले. शेर्मन सापळा म्हणजे ॲल्युमिनियमची घडीची पेटी, नऊ इंच लांब, आत एक पट्टी. उंदरानं तिच्यावर पाय दिला की दार मागून बंद. दहा-दहा मीटरवर ओळी आखून, दर सापळ्याजवळ लाल फीत बांधत गेलो. आत शेंगदाण्याचा कूट, गूळ आणि बाजरीचं पीठ ह्यांच्या गोळ्या. परदेशी लेखांतून ओट आणि पीनट बटर लिहिलेलं असतं. इथल्या उंदरांनी ओट कुठं पाहिलेत? शिवाय प्रत्येक पेटीत कापसाचा बोळा. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि धातूची पेटी माळावर किती गार पडते ते हात लावल्यावर कळतं. उबेला काही नसेल तर एवढासा जीव पहाटेपर्यंत टिकत नाही.

शनिवार

उजाडायच्या आत माळावर. ऊन तापायच्या आधी सगळे सापळे तपासून झाले पाहिजेत हा पहिला नियम.

पहिल्याच सकाळी घबाड सापडेल अशी आशा नवख्यांना असते. ओंकारचा चेहरा ओळीओळीनं पडत गेला. बरीचशी दारं उघडी, काही ठिकाणी गोळी गायब आणि आत मुंग्यांची रांग. एक सापळा जागेवरून पाच-सहा पावलं ओढत नेलेला, बाजूला खोकडाची विष्ठा. रिकामा सापळाही वहीत लिहायचा असतो. तो लिहिला नाही तर भरलेल्याला अर्थ राहत नाही, हे मला पोरांना दरवेळी बजावून सांगावं लागतं.

एका बंद दाराआड चिचुंद्री निघाली. वासावरूनच कळलं. ती उंदीर नव्हे, कृंतकांत, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांत, मोडत नाही. तिचं पचन इतकं भरभर चालतं की काही तास उपाशी राहिली तरी दगावते. मापं न घेता तिथंच सोडली.

माळाच्या वरच्या अंगाला, तरवडाच्या गचपणाजवळ, पेटी उचलताच वजन लागलं. दाराच्या तोंडाशी कापडी पिशवी लावून पेटी उलटी केली. आत धप्प झालं. पिशवीच्या कोपऱ्यात त्याला दाबून मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि पिशवी मागं सारली. टटेरा. पाठ वाळल्या गवताच्या रंगाची, पोट स्वच्छ पांढरं, डोळे मोठे आणि काळेभोर. शेपटी अंगाहून लांब, टोकाला काळ्या केसांचा झुपका. ओंकारनं सवयीनं शेपटीकडं हात नेला आणि सुप्रियानं तो अडवला. जर्बिलाला शेपटीच्या टोकाला धरलं तर वरची कातडी मोज्यासारखी सुटून हातात येते, प्राणी निसटतो आणि उघडी पडलेली शेपटी पुढं वाळून गळते. घुबडाच्या तावडीतून सुटायला त्याला ती सोय आहे, आमच्यासाठी नव्हे.

मग मापं. स्प्रिंगच्या काट्यावर पिशवीसकट वजन, त्यातून पिशवीचं वजा. 118 ग्रॅम. डोकं आणि धड 158 मिलिमीटर. शेपटी गुदद्वारापासून टोकापर्यंत, झुपक्याचे केस धरायचे नाहीत, 187. मागचं पाऊल टाचेपासून सगळ्यात लांब बोटाच्या टोकापर्यंत, नखं वगळून, 40. कान 24. नर, वृषण उतरलेले. सुप्रिया शिसपेन्सिलीनं लिहीत होती. दवानं भिजलेल्या कागदावर शाई पसरते.

मागचं पाऊल उलटं करून दोघांना दाखवलं. तळवा उघडा, काळपट, केस नाहीत. थरमधल्या वाळवंटी जर्बिलाशी पहिला फरक इथंच दिसतो. तापल्या वाळूवर दिवसा पळणाऱ्याला तळव्याला केस लागतात. रात्री मुरमावर फिरणाऱ्याचं त्यांच्यावाचून अडत नाही. वरचे पुढचे दात पिवळट, प्रत्येकावर उभी खाच. ही खाच झुडपी उंदराच्या, गोलुंडा एलिओटीच्या, दातांवरही असते. पण त्याचं अंग राठ, तोंड बोथट आणि शेपटी आखूड, त्यामुळं घोटाळा होत नाही.

पांढऱ्या ट्रेवर धरून बारीक फणीनं केस विंचरले. दोन पिसवा पडल्या. त्या चिमट्यानं अल्कोहोलच्या कुपीत. एका उंदरामागं सरासरी किती पिसवा निघतात तो आकडा साथरोगवाले जपून पाहतात. घरातल्या उंदरावरच्या झेनोप्सिला चिओपिस ह्या पिसवेची सरासरी एकाच्या वर गेली तर धोक्याची खूण मानतात. आमच्या ह्या पिसवा कोणत्या जातीच्या ते प्रयोगशाळेतच कळेल. कानाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढ्या नारिंगी माइट्सची, म्हणजे गोचिडांच्या नात्यातल्या बारक्या जीवांची, रांगही होती. स्क्रब टायफस पसरवणारे माइट्स असेच कानात बसतात, म्हणून त्यांचीही वेगळी कुपी.

कानाच्या कडेचा जरासा तुकडा डीएनएसाठी, पाठीवरचे थोडे केस कापून खूण, आणि जिथं सापडला तिथंच खाली ठेवला. क्षणभर तो हललाच नाही. मग चार उड्यांत तरवडाखाली. आबांची धाकटी नात म्हणाली, "एवढं लिवलं, नाव कुठं लिवलं त्याचं?"

रविवार

आज आबांच्या शाळूच्या रानातली सापळ्यांची ओळ तपासली. माळ उतरून ओढा ओलांडला की काळी जमीन सुरू. बांधावर जागोजागी बिळं, घुशीची आणि साध्या उंदरांची. घुशीच्या बिळाची ओळख तोंडाशी उकरलेल्या मातीच्या ढिगावरून पटते. तिचं काळं थोराड धूड शेर्मन सापळ्यात मावतही नाही.

आदल्या संध्याकाळी लावलेल्या काही पेट्या पहाटे भरलेल्या निघाल्या आणि ओंकार खुलला. जवळजवळ सगळ्यांत एकच जात, मिलार्डिया मेल्टाडा. आम्ही आपसात 'मेटाड' म्हणतो. अंगावरचे केस इतके मऊ की हातमोज्यातूनही कळतं. मागच्या तळव्यावरच्या गाद्या घरातल्या उंदराहून कमी. एक मादी गाभण होती, पोटाला बोट लावताच कळलं. तिची मापं भराभर उरकून आधी सोडली.

दुपारी आबांनी हुरड्याची आगटी पेटवली. कोवळी कणसं निखाऱ्यात घालून, चोळून, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. शिवाय बाजरीची भाकरी आणि येसर आमटी होतीच. आबांनी बांधालगतची ताटं दाखवली. काही कणसं देठापासून कुरतडून खाली पाडलेली, दाणे खाऊन भुसा तिथंच टाकलेला. "वर चढतंय आन् कणीस पाडतंय. खाली बसून निवांत खातंय."

ही नोंद जुनी आहे. वॉल्टर एलियट नावाचा ब्रिटिश अंमलदार धारवाडकडं, तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलुखात, नोकरीला होता. तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यानं 1839 मध्ये छापली. मेटाडबद्दल तो लिहितो की ते ज्वारीच्या ताटावर चढून कणीस तोडतात. त्याहून मोलाची गोष्ट पुढं आहे. हे उंदीर काळ्या जमिनीच्या भेगांत राहतात. पावसाळा सुरू झाला की भेगा मिटतात आणि दरवर्षी त्यांतले असंख्य आतच मरतात. 1826 साली सुरुवातीचा पाऊस नीट झाला नाही आणि मेटाड इतके माजले की पेरलेलं बीही उरेना. शेतकऱ्यांनी शेवटी वडार लोकांना धान्याच्या मापावर उंदीर मारायला लावलं.

आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "मंग बरोबर हाय. ज्या साली मिरगानं दगा दिला त्या साली उंदीर लई. आमी म्हणायचो, दुष्काळ एकटा येत नसतोय." कागदावरची गोष्ट आणि आबांची गोष्ट एकच आहे की नाही हे तपासायला अनेक पावसाळ्यांची आकडेवारी लागेल. पण काळ्या रानातल्या उंदरांची संख्या मोजताना नुसतं पीक पाहून भागणार नाही, जूनमधला पाऊसही पाहावा लागेल, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

माळावर आज फारसं काही नाही. पाठीवरचे केस कापलेला तोच नर पुन्हा त्याच पेटीत. गोळी फस्त करून कापसात झोपलेला. काहींना सापळ्याची चटकच लागते.

सोमवार

एलियटच्याच यादीत आणखी एक प्राणी आहे आणि खरं तर मी त्याच्यासाठी आले होते. अंगावर चपट्या काट्यांसारखे केस असलेला छोटा उंदीर, मस प्लाटिथ्रिक्स. तो लाल, मुरमाड जमिनीत बांधाच्या कडेला बीळ करतो, तोंडाशी खडे गोळा करतो आणि आत असला की त्याच खड्यांनी तोंड बंद करून घेतो. आत त्याची बैठकही खड्यांचीच असते, असं त्यानं लिहिलंय.

सकाळचं काम उरकल्यावर आबांना विचारलं. त्यांनी काठी उचलली आणि काही न बोलता चालू लागले. माळाच्या उतारावर, ओढ्याच्या वरच्या धसाशी थांबले. तिथं वाटाण्याएवढ्या खड्यांची पसाभर रास होती. सगळे साधारण एका मापाचे. आजूबाजूच्या मुरमात बारके-मोठे सगळेच खडे होते, रास मात्र निवडून केल्यासारखी. वरचे खडे बोटानं सारले तर मागं अंगठ्याएवढं भोक. "उंबऱ्याला दगड लावून निजतंय बगा," आबा म्हणाले. लहानपणी गुरं राखताना ही बिळं उकरायचो, पण आत काय असतं ते कधी नीट पाहिलं नाही, असंही म्हणाले.

मग नजर बसली. त्या एका धसावर अशा आणखी राशी दिसल्या. काही ताज्या, काहींवर कोळ्याचं जाळं. काळ्या रानाच्या बांधावर दुपारभर शोधूनही एक सापडली नाही. तिथं खडे आहेत कुठं? उकरायचं नाही असं आधीच ठरलं होतं. बीळ मोडलं तर थंडीत तो उघड्यावर येणार. शिवाय अशा धसांत फुरसं दडून बसतं, हात घालणं शहाणपणाचं नव्हे. प्रत्येक राशीपासून हातभर अंतरावर एकेक पेटी लावली, गोळी नेहमीपेक्षा बारीक.

दुपारी गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात गेलो. तिथं तुळईवर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. गावात तिला अशुभ मानतात, त्यामुळं वाड्यात कोणी फिरकत नाही आणि घुबडांचं फावतं. खाली गोळ्यांचा खच. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून ओकतं. सुप्रियानं एक गोळी पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवली. करड्या केसांतून आधी एक बरगडी, मग मेटाडचा खालचा जबडा, मग चिचुंद्रीची लांबट कवटी. शेवटी नखाएवढा एक जबडा निघाला, दाढा इतक्या लहान की भिंग लागलं. शेतातला छोटा उंदीर, मस बूडुगा. तो आमच्या पेट्यांत एकदाही आला नव्हता. त्याचं वजन इतकं कमी की पट्टी दबत नसावी. एका घुबडाची रात्र आमच्या साऱ्या पेट्यांना भारी पडते, हे मी विद्यार्थ्यांपुढं मोकळेपणानं म्हणते. अडचण एवढीच की उंदीर काळ्या रानातला की माळावरचा, हे घुबड सांगत नाही.

मंगळवार

धसावरच्या पेट्यांपैकी एकीचं दार बंद होतं. हलवून पाहिली तर काहीच लागलं नाही. ओंकार म्हणाला, वाऱ्यानं पडलं असेल. पिशवीत उलटी केली तेव्हा कापसाबरोबर एक लहानसा जीव खाली आला.

पाठीवर बोट शेपटीकडून डोक्याकडं फिरवलं आणि टोचलं. भिंगाखाली प्रत्येक काटा चपटा, मधोमध पन्हळ, टोकाला गडद. पोट पांढरं. डोकं-धड 95, शेपटी 71, म्हणजे अंगाहून आखूड. पाऊल 17. वजन 19 ग्रॅम. वहीत मात्र जातीपुढं 'प्लाटिथ्रिक्स' लिहायला मी सुप्रियाला मनाई केली. दख्खनमध्ये काट्यांचे केस असलेले मस एकाहून अधिक आहेत, नुसत्या बाहेरच्या रूपावरून ठामपणे सांगता येत नाही. 'मस, पायरोमिस गट', म्हणजे काटेरी केसांच्या मसांचा गट, एवढंच लिहिलं आणि कानाचा तुकडा कुपीत टाकला. ती थोडी हिरमुसली, पण तिनंच नंतर त्याच पानावर त्या राशीतल्या खड्यांची मापंही लिहून काढली. ते काम मी तिला सांगितलं नव्हतं.

सोडला तेव्हा तो खड्यांवरून सरळ भोकात शिरला. आतून तोंड बुजवतो का ते पाहायला आम्ही बराच वेळ पालथे पडून राहिलो. धाकटी नातही आमच्या शेजारी पालथी. काही झालं नाही, तिला मात्र तिथंच झोप लागली.

दहाच्या सुमाराला सगळ्या पेट्या गोळा केल्या. हौदावर एकेक धुऊन, ब्लीचच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकल्या. आबांच्या घरच्या मावशींनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले. निघताना आबा म्हणाले, "दोन पेट्या ठेवून जा की. कणगीत लई झालेत." ह्या पेट्या घरातल्या उंदरांसाठी नाहीत, आणि धरलेला उंदीर सोडणार कुठं, असं मी सांगितलं. "शेजाऱ्याच्या रानात," ते म्हणाले.

जीपमध्ये सामान भरताना सरपंच आले. पाणलोटाच्या कामातून त्या उतारावर समतल चर खोदायचे आहेत, पावसाळ्याच्या आधी मशीन येईल. चरांना माझा विरोध नाही. ह्या भागात पाण्यासाठी जे होईल ते थोडंच. पण वरच्या धसाची पन्नास-साठ मीटरची पट्टी सोडून आखणी करता येईल का, असं विचारलं आणि खड्यांच्या राशी दाखवायला त्यांना उतारावर नेलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, अभियंत्याला दाखवतो म्हणाले. पट्टी सुटो न सुटो, मशीन यायच्या आत, मे महिन्यात, त्याच फितींवर पुन्हा पेट्या लावायच्या ठरल्या आहेत. तेव्हा सकाळी सातच्या आत माळ सोडावा लागेल, आणि कापसाऐवजी प्रत्येक पेटीवर गवताची सावली.